निवेदन कोणाच्या टेबलावर? मोहीम-प्रशिक्षणाचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

या प्रकरणातील प्रशिक्षण संस्था मानवी हक्क कार्यकर्त्यांसाठी बरीच वर्षे निवासी शिबिरे घेत आली होती. (ओळख पटू शकेल असे सर्व तपशील येथे वगळले आहेत.) शिबिराचा अभ्यासक्रम ठरलेला होता: १९४८ च्या मानवी हक्कांच्या वैश्विक जाहीरनाम्यातील ३० अनुच्छेद, १९६६ चा नागरी व राजकीय हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार, हक्करक्षकांविषयी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने डिसेंबर १९९८ मध्ये स्वीकारलेला जाहीरनामा, सत्यशोधन अहवालाचे लेखन, आणि शेवटच्या दुपारी माध्यमांशी कसे बोलावे यावर एक सत्र. शिबिरार्थींना हे सारे आवडे आणि अभिप्रायाच्या कागदांवर भरभरून समाधान व्यक्त होई. मात्र काही महिन्यांनी हेच कार्यकर्ते प्रत्यक्षात काय करत आहेत हे पाहिले असता फारसे काही बदललेले नसे. १० डिसेंबरला मानवी हक्क दिनाचा मोर्चा निघे, फलक लागत, सह्या गोळा होत, निवेदन दिले जाई आणि निवेदनाची पोच फायलीत लागली की विषय संपे.

संस्थेने माजी शिबिरार्थींकडून अशी जुनी निवेदने मागवून एकत्र वाचली. बहुतेकांतील मागणी ‘शासनाने नागरिकांच्या मूलभूत हक्कांचे संरक्षण करावे’ अशा धर्तीची होती. त्यात खोटे काहीच नव्हते. पण ते वाचून कोणत्याही एका अधिकाऱ्याला, दुसऱ्या दिवशी कार्यालयात गेल्यावर आपण नेमके काय करायचे आहे, हे कळले नसते. कायद्याचे ज्ञान पक्के होते, भाषा प्रभावी होती, आणि तरीही निवेदन कोणाच्या टेबलावर जाऊन पडणार याचा विचार लिहिणाऱ्याने केलेला नव्हता.

समस्या

याच सुमारास कैद्यांच्या प्रश्नांवर काम करणाऱ्या ७ छोट्या गटांनी संस्थेकडे एकत्रित प्रशिक्षणाची मागणी केली. त्यांचा विषय ठरलेला होता. खटला सुरू होण्याची वाट पाहणाऱ्या कच्च्या कैद्यांना एका तुरुंगातून दुसऱ्या तुरुंगात हलवले जाई आणि त्यांच्या कुटुंबाला ते कळवले जात नसे. भेटीच्या दिवशी लांबून आलेल्या आईला फाटकावर ‘तो इथे नाही’ एवढेच उत्तर मिळे. कुठे आहे, हे सांगण्याची जबाबदारी कोणाचीच नसे. वकिलालाही पत्ता लागत नसल्याने जामिनाच्या अर्जावर सही मिळत नसे आणि सुनावणीची तारीख निघून जाई. तुरुंगाच्या पत्त्यावर पाठवलेली पत्रे काही आठवड्यांनी शिक्का मारून परत येत.

नियमांचा अभाव हे यामागचे कारण नव्हते. स्थानबद्ध व्यक्तींच्या संरक्षणासाठी संयुक्त राष्ट्रांनी १९८८ मध्ये स्वीकारलेल्या तत्त्वसंहितेतील १६ वे तत्त्व अटकेनंतर आणि प्रत्येक स्थलांतरानंतर कुटुंबाला कळवण्याचा हक्क स्पष्टपणे देते, आणि कैद्यांच्या वागणुकीविषयी संयुक्त राष्ट्रांनी २०१५ मध्ये सुधारून स्वीकारलेल्या नेल्सन मंडेला नियमांतील ६८ वा नियम तीच गोष्ट कैद्यांबाबत पुन्हा सांगतो. त्या देशाच्या स्वतःच्या कारागृह नियमावलीतही तशी तरतूद होती. ती पाळली जात नव्हती आणि न पाळल्याने कोणाचे काही बिघडत नव्हते.

गटांनी या विषयावर सविस्तर अहवाल काढून पत्रकार परिषद घेतली होती. दोन दिवस बातम्या आल्या, त्यानंतर शांतता पसरली. प्रशिक्षण संस्थेसमोर त्यामुळे दुहेरी प्रश्न उभा राहिला: या गटांना मोहीम चालवायला शिकवायचे कसे, आणि आजवर आपण जे शिकवत आलो त्यातून मोहिमा का उभ्या राहिल्या नाहीत.

विचारात घेतलेले पर्याय

आहे त्याच शिबिरात मोहीम-नियोजनाचे दोन दिवस वाढवणे हा सर्वांत सोपा मार्ग होता. निधी देणाऱ्यांनाही तो सहज पटला असता. परंतु आधी दिलेले ज्ञानच वापरले जात नसताना त्यात आणखी भर घालून काय साधणार, याला समाधानकारक उत्तर मिळाले नाही. शिबिर बंद करून प्रत्येक गटाला एकेक अनुभवी मार्गदर्शक द्यावा, ही सूचना पुढे आली आणि तितक्यात मागेही पडली, कारण तेवढे मार्गदर्शक उपलब्ध नव्हते.

खरी चर्चा उरलेल्या दोन पर्यायांवर झाली. काल्पनिक प्रकरणावर सराव घ्यावा, असे काही प्रशिक्षकांचे मत होते. काल्पनिक शहर, काल्पनिक मंत्री आणि वाटून दिलेल्या भूमिका यांत चूक करण्याची मुभा असते आणि चुकीने कोणाचेही नुकसान होत नाही. त्याची उणीव अशी की काल्पनिक मंत्री प्रशिक्षकाच्या सोयीने नमतो. पत्राला महिनाभर उत्तर न येणे, भेट ऐनवेळी रद्द होणे, अर्धवट आश्वासनावर सहकाऱ्यांत फूट पडणे या गोष्टी दोन तासांच्या सत्रात बसवता येत नाहीत, आणि मोहिमा बहुतेक वेळा तेथेच मोडतात. म्हणून इतरांनी चालू प्रकरणावरच प्रशिक्षण घेण्याचा आग्रह धरला: शिबिराचे चार टप्पे पाडायचे, मधल्या काळात गटांनी खरी मोहीम चालवायची आणि पुढच्या टप्प्यात तिचाच अभ्यास करायचा.

यावर संस्थेतीलच एका ज्येष्ठ सहकारी बाईंनी घेतलेला आक्षेप या प्रकरणातील सर्वांत महत्त्वाचा म्हणावा लागेल. ‘ज्यांचा मुलगा आत आहे त्यांच्या जिवावर तुम्ही सराव करणार का?’ असा त्यांचा प्रश्न होता. तो खोडून काढता येण्यासारखा नव्हता आणि तसा प्रयत्नही कोणी केला नाही. चालू प्रकरणाचा पर्याय निवडला गेला, पण तीन अटींवर. कैद्यांच्या कुटुंबांचे प्रतिनिधी प्रत्येक निर्णयाच्या बैठकीत असतील आणि कोणतीही कृती थांबवण्याचा अधिकार त्यांना राहील. प्रशिक्षणाचे वेळापत्रक आणि मोहिमेची गरज यांत विरोध आला तर वेळापत्रक मोडेल. मोहिमेच्या साहित्यावर संस्थेचे नाव येणार नाही आणि मागणी ठरवण्यात प्रशिक्षक मत देणार नाहीत. यांपैकी तिसरी अट कागदावर जितकी स्वच्छ दिसत होती तितकी ती व्यवहारात राहिली नाही.

कृती: मागणी ठरवणे

पहिल्या टप्प्यात प्रत्येक गटाला ‘आपली मागणी कोणाकडे आहे’ हे एका चिठ्ठीवर लिहिण्यास सांगण्यात आले. जवळजवळ सर्व चिठ्ठ्यांवर ‘सरकार’ असे उत्तर होते. त्यानंतरचा जवळपास संपूर्ण दिवस त्या एका उत्तरावर खर्च झाला. कैद्याला हलवण्याच्या आदेशावर कोणाची सही असते, तो आदेश कोणत्या टेबलावरून कोणत्या टेबलावर जातो, फोन करण्याचे काम द्यायचे झाल्यास ते कोणाच्या वाट्याला येईल, आणि ते करायला लावण्याचा अधिकार कोणाचा, हे गटांनी भिंतीवरील मोठ्या कागदावर मांडले. तुरुंगातून सुटून आलेल्या एका शिबिरार्थीला या साखळीची वकिलांपेक्षा अधिक नेमकी माहिती होती, हे तेव्हा सर्वांच्या लक्षात आले. मांडणीअंती दिसले की मंत्र्यांकडे जाण्याची गरज नाही. कारागृह विभागाच्या प्रमुखांचे एक परिपत्रक पुरेसे आहे.

या सत्रात प्रशिक्षकांनी ॲम्नेस्टी इंटरनॅशनल या मानवी हक्क संघटनेच्या तातडीच्या आवाहनांचे उदाहरण दिले. मार्च १९७३ मध्ये ब्राझीलमधील प्राध्यापक लुईझ बासिलिओ रोस्सी यांच्यासाठी असे पहिले आवाहन निघाले. हजारो लोकांनी पत्रे लिहिली ही त्या पद्धतीची एक बाजू झाली. पत्र कोणत्या अधिकाऱ्याला लिहायचे आणि त्याच्याकडे काय मागायचे, हे लिहिणाऱ्याला आधीच सांगितलेले असते, ही दुसरी बाजू अनुकरण करणाऱ्यांच्या नजरेतून बरेचदा निसटते.

मागणीचे शब्द ठरवताना वाद पेटला. ‘कैद्याला हलवल्यापासून २४ तासांच्या आत कुटुंबाने दिलेल्या क्रमांकावर फोन करावा आणि त्याची नोंद वहीत ठेवावी’ हा मसुदा समोर येताच एका अनुभवी कार्यकर्त्याने त्याला ठाम विरोध केला. त्यांच्या मते लोकांना वर्षानुवर्षे खटल्याविना डांबणे हाच मूळ अन्याय होता, आणि फोनची मागणी करणे म्हणजे डांबून ठेवणे मान्य करून फक्त सौजन्य मागणे होते. हा मुद्दा हलका नाही. अटकेत ठेवणे हा सर्वसाधारण नियम असू नये, असे १९६६ च्या कराराचा ९ वा अनुच्छेदच सांगतो.

दोन्ही बाजूंनी इतिहासाचा आधार घेतला. मागणी लहान ठेवावी म्हणणाऱ्यांनी अमेरिकेतील माँटगोमेरी शहरात वंशभेदी आसनव्यवस्थेविरुद्ध १९५५ मध्ये झालेल्या बस-बहिष्काराचा दाखला दिला: तेथील सुरुवातीच्या मागण्या सभ्य वागणूक, गोऱ्यांनी पुढून आणि कृष्णवर्णीयांनी मागून बसायचे असले तरी प्रथम येणाऱ्याला प्रथम जागा आणि कृष्णवर्णीय चालकांची नेमणूक एवढ्याच होत्या. विरोधकांनी तेच उदाहरण उलटवले: शहराने त्या मवाळ मागण्याही नाकारल्या, आणि वंशभेदी आसनव्यवस्था अखेर १९५६ मध्ये संपली ती तिच्या घटनात्मकतेलाच न्यायालयात आव्हान दिल्यामुळे. भूसुरुंगविरोधी आंतरराष्ट्रीय मोहिमेचे उदाहरण मात्र दोघांनाही उपयोगी ठरले. १९९२ मध्ये सुरू झालेल्या त्या मोहिमेने युद्धाच्या सर्व शस्त्रांना हात घातला नाही, एकच शस्त्र निवडले. पण त्या एका शस्त्रावर संपूर्ण बंदीपेक्षा कमी काही मागितले नाही, आणि १९९७ मध्ये त्या बंदीच्या करारावर सह्या झाल्या. मागणीची व्याप्ती लहान असणे आणि मागणी मवाळ असणे या वेगळ्या गोष्टी आहेत, हे यातून स्पष्ट झाले. मसुद्यात मग अपवाद ठेवणारे सर्व शब्द काढण्यात आले: ‘शक्यतो’ गेले, ‘योग्य प्रकरणांत’ गेले, आणि प्रत्येक स्थलांतर, प्रत्येक कैदी असे शब्द आले. दीर्घकालीन स्थानबद्धतेच्या प्रश्नावर न्यायालयीन काम करणारे गट ते काम स्वतंत्रपणे चालू ठेवतील, हेही लेखी नमूद झाले.

कृती: कोण कोणत्या बाजूला

दुसऱ्या टप्प्यात समर्थक आणि विरोधक यांच्या मधल्या लोकांचा विचार झाला. कारागृहाचे कर्मचारी सरसकट विरोधक आहेत, असे बहुतेकांनी गृहीत धरले होते. कुटुंबांच्या प्रतिनिधींनी ते मान्य केले नाही. भेटीच्या दिवशी फाटकावर जो गोंधळ होतो, ओरडाआरडा होतो, त्याला रोज तोंड देणाऱ्या लिपिकाला कैदी कुठे हलवला हे सांगण्याची परवानगीच नसते; फोनची पद्धत आली तर त्याचा त्रास कमी होईल, असे त्यांचे निरीक्षण होते. गटांनी काही लिपिकांशी आणि निवृत्त अधिकाऱ्यांशी अनौपचारिक बोलणी केली तेव्हा ते बरोबर निघाले. निवेदनात कर्मचाऱ्यांच्या सोयीचा स्वतंत्र परिच्छेद घालण्यात आला. आंदोलकाची भाषा अंगवळणी पडलेल्यांना तो परिच्छेद नकोसा वाटला, परंतु वरिष्ठांसमोर विषय मांडताना पुढे त्याचाच सर्वाधिक उपयोग झाला.

कृती: गोष्ट आणि संमती

जाहीर मोहिमेसाठी एका आईची कहाणी चित्रित करण्यात आली होती. एका ओळखता येणाऱ्या व्यक्तीची गोष्ट आकडेवारीपेक्षा लोकांना अधिक मदतीस प्रवृत्त करते, असे स्मॉल, लोवेनस्टाइन आणि स्लोविक या संशोधकांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या देणगीविषयक प्रयोगांत दिसले होते, आणि प्रशिक्षणात त्याची चर्चा झाली होती. आईने शिबिरातच संमती दिली होती. त्या वेळी एका तरुण शिबिरार्थीने वेगळाच मुद्दा काढला: वीस-पंचवीस आपुलकीच्या माणसांमध्ये बसून कोणाला ‘नको’ म्हणणे सोपे असते का? काही दिवस जाऊ देऊन, घरी, वकिलाशी बोलून झाल्यावर संमती पुन्हा विचारावी, असे ठरले. तसे विचारले असता आईने नकार दिला. मुलाच्या जामिनाची सुनावणी जवळ आली होती आणि या वेळी नाव पुढे येऊ नये, असा वकिलाचा सल्ला होता.

चित्रफीत तयार होती, प्रसारणाची तारीख ठरली होती, आणि चेहरा झाकून ती वापरावी असा दबाव दोन गटांनी आणला. आवाजावरूनही माणूस ओळखू येतो. शिवाय अटीनुसार थांबवण्याचा अधिकार कुटुंबाचा होता. चित्रफीत पुसून टाकण्यात आली. तिच्या जागी काय घ्यायचे याचा शोध घेताना कुटुंबांच्या घरी पडून असलेली, तुरुंगातून परत आलेली पाकिटे कोणाला तरी आठवली. नावे आणि पत्ते झाकून, फक्त परतीचे शिक्के आणि तारखा दिसतील अशा रीतीने त्यांची छायाचित्रे घेण्यात आली. एका व्यक्तीची कहाणी वापरली असती तर तो मुलगा निर्दोष आहे की नाही, या वादात विषय अडकण्याची शक्यता होती. पाकिटांबाबत तो प्रश्नच उद्भवला नाही.

कृती: ठरलेला क्रम मोडतो

कृतींचा क्रम ठरलेला होता: प्रथम विभागप्रमुखांना पत्र आणि भेटीची विनंती, उत्तरासाठी ३० दिवसांची मुदत, मग पाकिटांची जाहीर मोहीम, आणि त्यानंतर गरज पडल्यास फाटकांसमोर कुटुंबांचे धरणे. मुदत संपण्यापूर्वीच एका गटाने एका तुरुंगाधिकाऱ्याचे नाव घेऊन आरोप करणारी चित्रफीत समाजमाध्यमांवर टाकली. ठरलेली भेट रद्द झाली आणि त्या गटातील एकाला पोलिसांनी चौकशीसाठी बोलावले.

त्या गटाशी असलेला संबंध जाहीरपणे नाकारावा, असा प्रस्ताव आला. तो फेटाळला गेला, आणि माझ्या मते ते योग्यच झाले: चौकशीला सामोऱ्या जाणाऱ्या सहकाऱ्याला एकटे पाडणारी आघाडी पुढच्या वेळी कोणाचाही विश्वास मिळवू शकत नाही. सहकाऱ्याला वकील देण्यात आला, आणि शिबिराचा तिसरा टप्पा पुढे ढकलून आघाडीत कोण, कोणाच्या परवानगीने, काय बोलेल याचे लेखी नियम करण्यात आले. त्याच बैठकीत आणखी एक गोष्ट उघड झाली. कुटुंबांचे दूरध्वनी क्रमांक आणि कैद्यांची नावे असलेली यादी सर्व गटांच्या सामाईक संदेश-समूहात फिरत होती. चौकशीला बोलावलेल्या कार्यकर्त्याचा फोन जप्त झाला असता तर ती यादी पोलिसांच्या हाती गेली असती. सुरक्षेचे सत्र वेळापत्रकात चौथ्या टप्प्यात होते; ते त्याच दिवशी घेण्यात आले.

निष्पत्ती

पाकिटांची छायाचित्रे प्रसिद्ध झाल्यानंतर एका निवृत्त न्यायाधीशांच्या मध्यस्थीने भेट पुन्हा ठरली. काही महिन्यांनी विभागाने परिपत्रक काढले. स्थलांतरानंतर कुटुंबाला फोन करावा आणि नोंद ठेवावी, हे त्यात आले. २४ तासांऐवजी ‘विनाविलंब’ हा शब्द आला, आणि पालन न केल्यास काय, याचा उल्लेख राहिला नाही. कुटुंबांच्या प्रतिनिधींनी परिपत्रक स्वीकारावे असा कौल दिला, काही कार्यकर्त्यांना तो पटला नाही. काही तुरुंगांतून फोन येऊ लागले. काही ठिकाणी वही नियमित भरली जाई, पण कुटुंबांकडे चौकशी केली तर फोन आलेलाच नसे.

प्रशिक्षणाच्या बाजूने पाहता ७ पैकी २ गट मध्येच बाहेर पडले. त्यांतला एक चित्रफितीच्या वादानंतर. उरलेल्यांच्या पुढील निवेदनांत मात्र अधिकाऱ्याचे पद, अपेक्षित कृती आणि मुदत दिसू लागली. निधी देणाऱ्या संस्थेच्या अहवालाच्या नमुन्यात हे लिहायला रकाना नव्हता. प्रशिक्षित व्यक्तींची संख्या मागितली होती, ती देण्यात आली.

काय वेगळे करता आले असते

सुरक्षेचे सत्र पहिल्या दिवशी, यादी तयार होण्यापूर्वी घेता आले असते. ते शेवटी ठेवण्यामागे शिबिरार्थींना सुरुवातीलाच घाबरवू नये हा विचार होता, परंतु कोणती माहिती गोळाच करू नये, हा निर्णय माहिती गोळा झाल्यावर घेता येत नाही. कोण बोलेल याचे नियमही पहिल्या पत्राआधी हवे होते.

मागणीच्या चर्चेत प्रशिक्षक मत देणार नाहीत, या अटीचे काय झाले हे अधिक कठीण आहे. त्यांनी मत दिले नाही; पण प्रश्नांचा क्रम त्यांनी ठरवला आणि उदाहरणे त्यांनी निवडली. व्याप्ती लहान ठेवण्याकडे त्यांचा कल होता आणि तो शिबिरार्थींना दिसत होता. मोठ्या मागणीची बाजू मांडणाऱ्या कार्यकर्त्याला स्वतःचे सत्र घेण्यास सांगितले असते, तर निर्णय कदाचित तोच झाला असता, पण तो गटांचा अधिक झाला असता. बाहेर पडलेल्या दुसऱ्या गटाने जाताना नेमकी हीच तक्रार लेखी दिली होती.

परिपत्रकानंतरच्या देखरेखीसाठी वेळ, माणसे आणि पैसा यांची तरतूद कोणत्याही टप्प्यात झाली नव्हती. प्रत्येक भेटीच्या दिवशी फाटकावर उभे राहून ‘फोन आला होता का’ एवढे विचारण्याचे काम कुटुंबांनी स्वतःहून उचलले. त्या नोंदींच्या आधारे दंडाची तरतूद मागणारे पुढचे पत्र लिहायचे की अटकेच्या वेळच्या माहितीसाठी पोलीस विभागाकडे नवी मागणी न्यायची, यावर गटांत अद्याप एकमत नाही, आणि या वेळी चर्चेचे अध्यक्षपद कुटुंबांच्या प्रतिनिधींकडे आहे.